मुलगी जर्मनीत चित्रकला शिकायला गेली, म्हणते "इथे कुणी शिकवतच नाही". परत बोलवू का?

रेखाकला_तासगाव

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तासगाव भागातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिक्षक. मुलीनं सांगलीत राहून जी. डी. आर्ट (कलेचा डिप्लोमा), पेंटिंग केलं. हात चांगला. ऑक्टोबरपासून ती जर्मनीतल्या एका कला अकादमीत आहे. पोर्टफोलिओ बघून निवड झाली, मग प्रवेश परीक्षा. सगळं तिनं स्वतः केलं, आम्ही फक्त सह्या केल्या. फी म्हणाल तर जवळजवळ नाही, सेमिस्टरचं अंशदान तेवढं. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवावे लागले, त्यातले महिन्याला ९९२ तिच्या हातात येतात. त्यासाठी घरावर बोजा चढवला आहे.

आता अडचण. प्रोफेसर महिन्यातून दोन-तीन दिवस येतात. बाकी स्टुडिओची किल्ली मुलांच्या हातात. अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, गुण नाहीत. अधूनमधून सगळे गोल बसतात, एकाचं काम भिंतीवर लावतात आणि त्यावर बोलतात. हिनं आपलं स्थिरचित्र लावलं. तांब्या, समई, दोन कांदे, मागे इरकली. पितळेवरचा उजेड असा पकडलाय की मला स्वतःला जमणार नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलानं विचारलं, "हे तू का काढलंस?" हिला काही सांगता येईना. प्रोफेसर म्हणाले, हात तयार आहे, आता तो जरा विसर.

फोनवर रडत होती. थंडीचं, जेवणाचं काही काढत नाही. दुपारी चारनंतर अंधार होतो एवढं म्हणाली. प्रोफेसर आले की ही उभी राहते, "सर" म्हणते, पोरं हसतात. तिथे म्हणे नावानं हाक मारायची.

आमच्या मंडळी, म्हणजे तिची आई, म्हणतात बोलवून घ्या. मला वाटतं निदान सेमिस्टर संपू दे. ज्यांनी बाहेर जाऊन कला शिकली आहे किंवा ज्यांची मुलं गेली आहेत, त्यांनी सांगावं.

भडंगप्रेमी

फी नाही, परीक्षा नाही, शिकवणारा नाही. सर, माझं इंजिनिअरिंग असंच झालं. फक्त फी तेवढी होती.

गणपती_पेठ

स्पष्ट बोलतो, राग नको. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून उभं आहे. तिथे पाठवायची सोडून घरावर कर्ज काढून पोरीला पाठवलीत कशाला, तर असलेला हात विसरायला? आमच्या पेठेत हळदीचं पोतं असं घेतलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. बोलवून घ्या. बी. एड. नाहीतर ए. टी. डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करू दे, नोकरी तरी लागेल.

कृष्णाकाठ

+१ मंडळींना. पोर रडतेय म्हणजे रडतेय, त्यात कलेचा काय संबंध.

ऱ्हाइनकाठचा_सांगलीकर

सर, मी चित्रकार नाही, पण इथे बरीच वर्षं आहे आणि बायको इथल्याच एका अकादमीतून शिकली आहे. तिला विचारून लिहितोय.

पहिली गोष्ट, तुमच्या मुलीला कुणी वाऱ्यावर सोडलेलं नाही. जर्मनीतल्या कला अकादमींची पद्धतच 'क्लास'ची. क्लास म्हणजे वर्ग नव्हे, एका प्रोफेसरच्या भोवतीचं घर. पहिल्या वर्षाची आणि शेवटच्या वर्षाची मुलं एकाच खोलीत काम करतात. प्रोफेसर स्वतः चालू चित्रकार असतो, त्याची प्रदर्शनं असतात, म्हणून तो रोज येत नाही. त्याचं काम शिकवणं असं नाहीच, बघणं आणि बोलणं. मुलं एकमेकांकडून शिकतात. हे कुणी पहिल्या दिवशी समजावून सांगत नाही, कारण जर्मन मुलांना ते आधीच माहीत असतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. हातानं शिकवणारी माणसं तिथे आहेत, फक्त ती प्रोफेसर नसतात. प्रत्येक अकादमीत वर्कशॉप असतात. लिथोग्राफी (दगडावरून छपाई), एचिंग (आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून छपाई), लाकूड, धातू, प्लास्टर, फोटो. त्या प्रत्येकाला एक प्रमुख असतो, कारागीर माणूस. तो शेजारी उभा राहून दगड कसा घासायचा, आम्ल किती घालायचं, रोलर किती दाबायचा हे सगळं दाखवतो आणि चुकलं की ओरडतो. आपल्याकडच्या पोरांना तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं. बायको पहिलं वर्षभर क्लासमध्ये कमी आणि छापखान्यात जास्त असायची. मुलीला म्हणावं उद्या जाऊन नाव लिहून ये, सुरक्षेचा छोटा कोर्स करावा लागतो, मग मोकळी.

तिसरी गोष्ट, क्लास बदलता येतो. दुसऱ्या प्रोफेसरकडे आधी पाहुणी म्हणून जाऊन बसायचं, काम दाखवायचं, त्यानं हो म्हटलं की झालं. यात कुणाचा अपमान वगैरे होत नाही.

आणि फेब्रुवारीच्या सुमाराला बऱ्याच अकादमी आपली दारं उघडतात, सगळ्या क्लासचं काम मांडतात, गावभरचे लोक बघायला येतात. ते होईपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नका.

भडंगप्रेमी

चुकलं की ओरडतो म्हणजे खरा मास्तर. पत्ता कळवा, दोन पाकिटं भडंग पाठवतो.

वाईची_लेक

मी लंडनमध्ये एक वर्षाचं एम. ए. केलं. काम भिंतीवर लावून त्यावर बोलण्याला तिकडे 'क्रिट' म्हणतात आणि माझीही पहिल्या क्रिटला वाचाच गेली होती. सर, मुलीला सांगा की उत्तर येत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. इथे काय विचारतात? प्रमाण बरोबर आहे का, छाया कुठल्या बाजूला, पूर्ण झालं का. "का" हा प्रश्न आपल्याकडे फक्त "का उशीर झाला" एवढ्यापुरता.

मी काय केलं सांगते. क्रिटच्या आदल्या रात्री चार ओळी मराठीत लिहायची. काय बघितलं, कशानं अडलं, काय जमलं नाही. मग त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी. सुरुवातीला वाचूनच दाखवायची. कुणी हसलं नाही.

पण मला जास्त त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी पाऊस आणि प्लॅस्टिकचे कागद रंगवायची. आमच्याकडे पावसाळ्यात घराला निळे कागद बांधतात ना, ते. एक ट्यूटर दर वेळी म्हणायची, यात तुझी संस्कृती कुठे दिसत नाही. तिला बहुतेक वारली, मेंदी, हत्ती असलं काही हवं होतं. मी वाईची बामणाची पोर, वारली काढणार कुठून? निळा प्लॅस्टिकचा कागद हीच माझी संस्कृती, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. शाळेचं नाव सांगत नाही, आता तिथे बदललं असेल.

चांगलं सांगायचं तर लंडनमधली नॅशनल गॅलरी, टेट, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए, सगळ्यांचा कायमचा संग्रह फुकट बघायला मिळतो. थंडीत उबदार जागा, वर रेम्ब्रां. रविवारचं एकटेपण मी तिथेच घालवलं. आणि एक सावधगिरी, आमच्याकडे स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नव्हता, म्हणजे ऑर्डर घेऊन पोर्ट्रेट करणंही नाही. जर्मनीतले नियम ऱ्हाइनकाठवाले सांगतील.

ऱ्हाइनकाठचा_सांगलीकर

इथेही परवानगीशिवाय स्वतंत्र धंदा नाही. नोकरी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येते. २०२४ पासून हा आकडा वाढला, आधी १२० होता.

हरभट_रोड

सगळे त्या अकादमीचीच बाजू घेताय म्हणून लिहितो. मी कमर्शिअलवाला, साइनबोर्ड रंगवून संसार केला. ज्याला हात नाही तोच "का" विचारतो. आधी कांदा काढून दाखव म्हणावं, मग बोलू. सर, तुमची मुलगी बरोबर आहे, ती पोरं रिकामटेकडी आहेत.

निळी_शाई

हरभटजी, त्यांना कांदा येत असेल हो. त्यांनी तो काढायचं सोडून दिलंय एवढंच.

गणपती_पेठ

एक विचारू का? तिकडे म्हणे कपडे काढलेली माणसं समोर बसवून चित्रं काढायला लावतात. सर त्याबद्दल काही बोलले नाहीत. आपल्या पोरींनी असलं

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. धागा मुलीच्या शिक्षणाबद्दल आहे, तिथेच राहू द्या.

निळी_शाई

उडवला ते ठीक, पण उत्तर देतेच. न्यूड स्टडी जे. जे. मध्येही होते. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायका-माणसांचं ते कष्टाचं काम आहे, तासन्‌तास एका अंगावर बसून बघा. यासाठी जर्मनीला जावं लागत नाही.

रेखाकला_तासगाव

गणपती पेठ यांना, त्याची मला काही अडचण नाही. मी पण चित्रकार आहे.

ऱ्हाइनकाठ यांचे आभार. वर्कशॉपचं तिला कळवलं. वाईच्या ताईंचंही वाचून दाखवलं, निळ्या कागदावर हसली.

डॉ_कंदीपेढा

साताऱ्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस आहे, म्हणून वेगळं विचारतो. सर, झोप कशी आहे? खाणं? आंघोळ, बाहेर पडणं, मित्रमैत्रिणींशी बोलणं चालू आहे का? चित्राबद्दल रडणं आणि कशातच रस न उरणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी दोन-तीन आठवडे टिकली तर वाट बघू नका. जर्मनीत विद्यार्थी-कल्याण संस्थेकडे समुपदेशनाची सोय असते, विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी मोफत. कमी उजेडाचा परिणामही खरा असतो. दुपारी ऊन असेल तेवढा वेळ बाहेर चालायला सांगा, स्टुडिओची किल्ली रात्रीही चालते.

आणि फोन रोज करत असाल तर व्हिडिओवर "रडलीस का?" हा पहिला प्रश्न विचारू नका.

रेखाकला_तासगाव

झोप, जेवण ठीक आहे. परवा खोलीत फोडणी टाकली तर धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी इमारत खाली उतरली. तेव्हापासून शेजारची कोरियन मुलगी मैत्रीण झाली. पहिला प्रश्न मंडळींचा असतो, त्यांना सांगतो.

मिरज_जंक्शन

थोडं अवांतर, पण विषयाला लागून. आमच्या गल्लीत सतारमेकर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे सगळ्यांना माहीत असेलच. काही वर्षांपूर्वी एक युरोपियन मुलगा वाद्य बनवायला शिकायला आला. वही-पेन घेऊन बसायचा. विचारायचा, भोपळ्याची जाडी किती ठेवायची? उस्ताद म्हणायचे, बघ. जवारी कशी लावायची? ऐक. आठवडे गेले, पोराला नुसता भोपळा तासायला दिला. रात्री लॉजवर जाऊन रडायचा म्हणे, इथे कुणी शिकवतच नाही! मला सरांचा धागा वाचून तोच आठवला.

हरभट_रोड

फरक आहे ना पण. उस्ताद सांगत नव्हते तरी त्यांचे हात समोर चालत होते. बघून घेण्यासारखं काही होतं. प्रोफेसर तर जागेवरच नाही.

मिरज_जंक्शन

हा मुद्दा बरोबर. मान्य.

पोवईनाका

मी एक वेगळं टोक पकडतो. सर रागावतील.

आपण मुलांना काय शिकवतो? स्थिरचित्र, छायाप्रकाश, यथार्थदर्शन, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. हे आपलं आहे का? हे साहेबानं आणलं. विलायतेतल्या कलाशाळांत त्या काळी जे चालायचं ते जे. जे. मध्ये आलं, तिथून ड्रॉइंग मास्तरांच्या हातून आपल्या गावोगावच्या शाळांत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलासुद्धा जे. जे.च्या मुलांनी तिथल्याच ग्रिफिथ्ससाहेबांच्या देखरेखीखाली केल्या. म्हणजे सरांची मुलगी युरोपात गेली ती युरोपचंच सामान घेऊन, फक्त दीडशे वर्षं जुनं. त्यांनी ते कधीच माळ्यावर टाकलं, आपण जिवापाड जपलं. तिला बसलेला धक्का भारत विरुद्ध जर्मनी असा नाहीच. १८७० ची शाळा आणि आजची शाळा यांच्यातला आहे.

खोटं वाटत असेल तर औंधला जा, आमच्या सातारा जिल्ह्यात आहे. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय. राजा स्वतः चित्रं काढायचा. तिथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, इटालियन चित्रांच्या नकला आहेत, आणि त्यांच्याच सोबतीला इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. त्या काळात मूरचं शिल्प औंधसारख्या ठिकाणी! म्हणजे राजाला रविवर्माही चालत होता आणि मूरही. आपण शाळेत रविवर्म्यावर थांबलो.

रेखाकला_तासगाव

पोवईनाका, रागावलो. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत सात गुण मिळतात, म्हणून शाळा मला आठवड्याला दोन तास देते. तेवढ्या वेळात चाळीस पोरांना हेन्री मूर शिकवायचा? पोराला वर्तुळ नीट काढता आलं तरी माझा दिवस चांगला जातो. साहेबाचं असेल तर असू दे, रेल्वेही साहेबाचीच आहे.

औंधला मी सहली नेतो. मूरच्या पुढून पोरं पळतात, खरं आहे. रविवर्म्याच्या दमयंतीपुढे थांबतात.

पोवईनाका

दंडवत, सर. सात गुणांचं माझ्या लक्षात नव्हतं.

वाईची_लेक

मी दोघांच्या मधे. तांब्या-कांद्याचा हात मला तिकडे फार उपयोगी पडला. माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांना जे मनात आहे ते कागदावर उतरवता यायचं नाही, मला यायचं. पण हात होता म्हणून मी विचार करणं पुढे ढकलत राहिले. चित्र छान दिसतंय ना, मग झालं. ती सवय सुटायला वेळ लागला.

आणि मुलीला घाई करू देऊ नका. चित्रकार रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. त्यांचा तो बिंदू कामात ठळकपणे आला सत्तरच्या दशकात. हिला अजून एक सेमिस्टरही झालेलं नाही.

भडंगप्रेमी

पण रझांच्या घरावर बोजा नव्हता, ताई.

वाईची_लेक

तेही खरंच. मग पुढच्या वर्षासाठी आत्तापासून शिष्यवृत्ती बघा. डाडच्या (जर्मनीची विद्यार्थी-विनिमय संस्था) ललित कलांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात, इनलॅक्स फाउंडेशनही आहे. अकादमीच्या मित्रमंडळांची छोटी बक्षिसं असतात, तिच्या क्लासमधल्या जुन्या मुलांना विचारायला सांगा. ती माहिती नोटीसबोर्डावर लागत नाही, स्वयंपाकघरात मिळते.

कृष्णाकाठ

सर, पुढे काय झालं? सेमिस्टर संपलं असेल ना आता?

रेखाकला_तासगाव

संपलं. लिहायचं राहून गेलं होतं, बोर्डाच्या परीक्षांची गडबड.

ती लिथोग्राफीच्या वर्कशॉपला जायला लागली. तिथला प्रमुख साठीचा आहे, इंग्रजी येत नाही, हिचं जर्मन कच्चं, पण जमतं म्हणाली. दगड घासायलाच बरेच दिवस घातले. मी तिला सांगितलं, आपल्या आजीच्या देवघरातली ती लक्ष्मी याच पद्धतीनं छापलेली. रविवर्म्यांच्या छापखान्यात जर्मन तंत्रज्ञ होते, पुढे त्यातल्याच श्लायशरनं तो विकत घेतला. हे तिनं त्या प्रमुखाला सांगितलं, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्कशॉपला सांगितलं. लक्ष्मीचा फोटो मागवला, पाठवला.

फेब्रुवारीच्या प्रदर्शनात तिनं लावलं ते मात्र लक्ष्मी नाही. २०१९ च्या पुराची रेघ आहे ना, सांगलीत भिंतींवर राहिलेली, ती. नुसत्या रेघा. मोठ्या कागदावर एकाखाली एक छापलेल्या, कुठे गाळासारखं पुसट. बाकी काही नाही. ना माणूस, ना घर.

मला चित्र आवडलं नाही. व्हिडिओवर तसं सांगितलं. तर म्हणते, "पप्पा, का नाही आवडलं ते सांगा. नुसतं नाही आवडलं म्हणायचं नाही." कॅमेरा तिनं चित्राकडे वळवून ठेवला आणि गप्प बसली. मला बोलावं लागलं. आधी म्हटलं, रिकामं वाटतं. कुठे रिकामं, विचारलं. वरच्या बाजूला, म्हटलं, पाणी त्याच्यावर गेलंच नाही तर तिथे काहीतरी राहिलेलं असणार ना. घड्याळ, कॅलेंडर, देवाचा फोटो. त्यावर तिच्यामागून कोरियन मुलगी काहीतरी बोलली, दोघींचं चालू झालं, मी फोन ठेवला. मंडळी म्हणाल्या, कुणाशी भांडत होता?

क्लास बदलतेय. एप्रिलपासून दुसऱ्या प्रोफेसरकडे, त्या बाई आठवड्याला येतात. परत बोलवायचा विषय घरात आता कुणी काढत नाही. बोजा आहे तसाच आहे.

ऱ्हाइनकाठचा_सांगलीकर

सर, अभिनंदन. तुमचा पहिला क्रिट झाला. क्लास बदलताना जुन्या प्रोफेसरला आपणहून जाऊन सांगायला सांगा, ते बरं दिसतं.

हरभट_रोड

रेघा! मला महिन्याला शंभर बोर्डांवर रेघा माराव्या लागायच्या, कुणी जर्मनीला बोलावलं नाही. (हलकं घ्या.) पण सरांचं कॅलेंडरचं बरोबर आहे. आमच्या दुकानात पाणी उतरलं तेव्हा वर कॅलेंडर कोरडं होतं, जुलैचंच पान.

गणपती_पेठ

पुराचं चित्र असेल तर फोटो टाका सर. आमच्या पेठेतली रेघ किती उंचीवर होती ती मी सांगू शकतो, गोदामात अजून पुसलेली नाही. तिला माप लागलं तर कळवा.

तासगाव_बेदाणा

नवीन सदस्य आहे. माझा मुलगा बारावीला, इंटरमिजिएटला ए ग्रेड. जर्मनीसाठी पोर्टफोलिओत साधारण किती कामं लागतात आणि स्थिरचित्रं ठेवायची की काढून टाकायची?

ऱ्हाइनकाठचा_सांगलीकर

प्रत्येक अकादमीची संख्या वेगळी, त्यांच्या वेबसाइटवर असते, तीच पाळा. स्थिरचित्र एखाददुसरं ठेवा. त्यापेक्षा स्केचबुक ठेवा, एसटीत, बाजारात, शेतात काढलेलं, खाडाखोड असलेलं. आणि जर्मन आत्तापासून सुरू करा, ते सगळ्यात जास्त वेळ खातं.